समोरची कड

मी एक जुनं, कडेला कुरतडलेलं नाणं आहे. मित्रांनो, हसू नका. ती खाच घेऊनच मी जन्माला आलो.

टांकसाळीत पत्र्यातून चकत्या कापताना पत्रा जरा कमी सरकला. माझा घाव आधीच्या भोकावर पडला आणि मी एका बाजूनं उणा राहिलो. पुढे कड उचलणाऱ्या यंत्रात खाचेपाशी दाब बसला नाही, म्हणून तिच्या अगदी समोरची कडही पुसट राहिली. खाच काय, कोणीही पाडील. समोरची पुसट कड मात्र टांकसाळीतच होते. माझ्या खरेपणाचा तेवढाच पुरावा होता.

सुट्या पैशांतून मी एका घड्याळजीच्या बायकोच्या हाती लागलो. तिची नजर मोठी तीक्ष्ण. "अहो, हे बघा, याला कोणीतरी चावलंय," म्हणत तिनं मला नवऱ्यापुढे धरलं. अठरा वर्षं मी त्यांच्या दुकानात, चाव्यांच्या डबीत राहिलो. गिऱ्हाइकं मला हातात घेऊन कौतुक करत.

मग तिची नजर अधू होऊ लागली. "दोन महिन्यांत ऑपरेशन करा, नंतर माझ्याही हातात काही राहणार नाही," डॉक्टरीणबाईंनी बजावलं. एवढा पैसा कुठून आणायचा? तेवढ्यात कोणी सांगितलं, की टांकसाळीतच चुकलेल्या नाण्यांना शौकीन भरपूर किंमत देतात. घड्याळजीच्या जिवात जीव आला.

पण हाताची सवय आड आली. आयुष्यात त्यानं एकही वस्तू आली तशी परत दिली नव्हती. पट्टा बदलायला आलेल्या घड्याळाची काचसुद्धा तो घासून लख्ख करायचा. पारख्याकडे निघण्याआधी त्यानं मला चिमट्यात धरलं आणि खाच बारीक कानशीनं गुळगुळीत केली. मग समोरची पुसट कड त्याच्या डोळ्यांत खुपली. छोट्या हातोडीनं हलकेच ठोकून त्यानं तीही उठवली. फार प्रेमानं केलं हो त्यानं. मी आतल्या आत आक्रोश करत होतो.

पारख्यानं भिंगातून खाच पाहिली, मला फिरवलं, समोरची कड पाहिली.

"ही खाच कानशीनं पाडलीय. समोरची कड पुसट असती, तर गोष्ट वेगळी होती."

घड्याळजीचा चेहरा उतरला. "पुसटच होती हो. मीच नीट केली."

"असेलही. पण आता ते मी कशावरून मानू?"

घरी बायकोनं विचारलं, "काय म्हणाले?"

"खाच नंतर कोणीतरी पाडलीय, म्हणाले."

"जाऊ द्या. राहील आपल्याकडेच."

मित्रांनो, जुन्या वस्तूत काही उणं दिसलं, तर ती नीट करायला बसण्याआधी जाणत्याला विचारा. माझं एवढंच मागणं आहे.

आता तिला काहीच दिसत नाही. दुपारी ती मला हातात घेते आणि खाचेवरून अंगठा फिरवते.

"पूर्वी ही बोटाला लागायची, नाही का हो?" ती विचारते.

घड्याळजी समोरच बसलेला असतो. तो हातातल्या घड्याळाची काच घासत राहतो.