तराफ्यावरचा फितूर

नदीकाठी वाढलेलं मूल कशालाच भीत नाही. आम्ही फक्त आईला भ्यायचो, आणि तिच्यातही विशेषकरून तिच्या नखाला.

संध्याकाळी घरात शिरलं की दंड पुढे करायचा. आई त्यावर नखाने ओढायची. पांढरी रेघ उठली की पोर पाण्यात जाऊन आलंय हे सिद्ध. पुढे अपील नाही. यावर उपाय वडिलांच्या कारखान्यात सापडला. ते होड्या दुरुस्त करायचे आणि कोपऱ्यात तेलाचा डबा ठेवायचे. अंगाला तेल चोपडलं की रेघ उठत नसे. बंद पडलेल्या इंजिनासारखा वास तेवढा यायचा. पण 'बाबांना मदत करत होतो' म्हटलं की भागायचं.

तरीही आईला सगळं कळायचं. पुलावरून उडी कुणी मारली, भोवऱ्यात कोण सापडलं, कोणाची चप्पल वाहून गेली. दोनदा तिने सोडून दिलं. मग ताईला म्हणाली, "तू मोठी आहेस. आता कळलं तर उन्हाळ्याची सुट्टी संपेपर्यंत मावशीकडे."

मावशीच्या गावाला नदी नव्हती. आणि तराफा फक्त ताईलाच हाकता यायचा. ती गेली की माझी सुट्टी बुडालीच.

"आपल्यात कोणीतरी फितूर आहे," मी ताईला म्हणालो.

"असणारच," ती गंभीरपणे म्हणाली. "मला तर ढब्बूचा संशय येतो."

ढब्बू आमचा मामेभाऊ. सुट्टीपुरता आलेला, मागून मागून जेवणारा, आणि आईने ज्याला कधी एक धपाटाही घातला नव्हता असा. एवढा पुरावा पुष्कळ झाला.

दुपारी त्याला तराफ्यावर बसवलं. तराफा म्हणजे चार रिकामी पिंपं आणि त्यांवर दोराने बांधलेलं जुनं दार. नदीच्या मधोमध ताईने बांबू रोवला आणि मी चौकशी सुरू केली.

"तुझ्या आत्याला कोण सांगतं?"

"मला काय माहीत? मी तिच्याशी फक्त जेवणाचं बोलतो."

"मग घे जेवणाची शपथ."

"जेवणाची शपथ कोण घेतं?" ढब्बू म्हणाला, आणि माझा संशय पक्का झाला.

तेवढ्यात दोर सुटला. एक पिंप आपल्या वाटेने निघून गेलं, दार उभं राहिलं आणि ढब्बू त्याच्याखाली गेला. ताईने केस धरून त्याला वर ओढलं. मी नाकातोंडात पाणी जाऊन कसाबसा काठाला लागलो.

"मेलो असतो," ढब्बू म्हणाला.

"मग तरी खरं बोलला असतास का?"

त्या संध्याकाळी मी त्याची पाठ सोडली नाही. जेवताना त्याच्या आणि आईच्या मध्ये बसलो. तो संडासात गेला तेव्हा दाराशी उभा राहिलो.

"कोण आहे रे?" आतून आवाज आला.

"कोणी नाही. चालू दे तुझं."

आईशी तो एकच वाक्य बोलला, तेही भाजीबद्दल.

सकाळी आईने ताईला समोर उभं केलं. आईला दोर सुटल्याचं ठाऊक होतं, जेवणाच्या शपथेचंही. मी ढब्बूकडे पाहिलं. ढब्बू माझ्याकडे पाहत होता, आणि ती नजर मला मुळीच आवडली नाही.

"बॅग भर," आई ताईला म्हणाली.

"भरलीय," ताई म्हणाली.

मावशीकडे कूलर होता.