चेअरमनच्या गाडीतलं झिरो नंबरचं ऑइल

डॉक्टरनं लिहून दिलेली गोळी माणूस मुकाट्यानं गिळतो, पण मिस्त्रीनं सांगितलेलं ऑइल त्याला पटत नाही. ऑइलच्या बाबतीत कोल्हापुरात प्रत्येकाला एक मेहुणा असतो आणि त्या मेहुण्याला सगळं कळतं. उद्यमनगरात बावीस वर्षं गॅरेज चालवून मी एवढंच शिकलोय.

उदयसिंह चेअरमनना मेहुण्याचीही गरज नव्हती. गारगोटी रोडवरच्या एका गावात त्यांची दूध संस्था आहे. अठरा वर्षं तेच चेअरमन. संस्थेत दुधाचं फॅट मोजायचं मशीन आहे, पण चेअरमनचा विश्वास स्वतःच्या काचेच्या लॅक्टोमीटरवर. दुधात पाणी असलं की तो बुडतो आणि पाणी घालणारा गावात. लांबट डबीत घालून चेअरमन तो सगळीकडे बरोबर घेऊन फिरतात, लग्नालासुद्धा. आचारी त्यांना बघूनच घाबरतात म्हणे.

तर या चेअरमननी पुण्याहून सेकंडहँड जर्मन गाडी घेतली. काळी, दोन टर्बोची, तीनशे चाळीस हॉर्सपॉवरची. गावात म्हशी बाराशे आणि घोडा एकही नाही, ती उणीव त्यांनी एकदम भरून काढली. रस्ता असा, की गाडी तिसऱ्या गिअरमध्ये जायच्या आत स्पीडब्रेकर येतो. पण ते माझं काम नाही. माझं काम ऑइल बदलायचं.

मंगळवारी सकाळी गाडी आली. चेअरमन समोरच्या टपरीवर चहाला गेले आणि मी गाडी वर घेऊन जुनं ऑइल खाली सोडलं. ड्रायव्हर जोतीराम माझ्याजवळ उभा राहिला. इकडचं तिकडचं बोलता बोलता म्हणाला, "आमच्या आईचं दूध बंद केलंय साहेबांनी. दोन म्हैनं झालं."

"का?"

"पाणी हाय म्हणून. सगळ्या रांगेपुढं मीटर बुडवून दाखवला. आई आता संस्थेपुढनं जात न्हाय, मागच्या बोळानं जाती."

मला वाईट वाटलं. त्याच्या आईला, बनाबाईंना, मी एकदा बघितलं होतं. अशी बाई पाणी कशाला घालेल, असं मी म्हटलंही. जोतीराम खालच्या ट्रेमध्ये पडणारं काळं ऑइल बघत राहिला.

चेअरमन चहा पिऊन आले तेव्हा मी नवीन कॅन फोडून मापाच्या प्लॅस्टिकच्या जगमध्ये ओतत होतो. सोनेरी, पातळ धार. चेअरमन जागेवरच थांबले.

"काय हाय हे?"

"ऑइल."

"पाणी हाय हे, रिजवान."

"झिरो डब्ल्यू चाळीस आहे, चेअरमन. गाडीच्या पुस्तकात हेच लिहिलंय."

"झिरो? एवढ्या मोठ्या गाडीत झिरो नंबरचं ऑइल घालतोस व्हय?"

मी शांतपणे समजावलं. माझा स्वभाव शांत नाही, पण गिऱ्हाईक मोठं होतं. म्हटलं, पहिला आकडा थंडपणाचा. गाडी सकाळी चालू केली की ऑइल किती लवकर वर पोचतं, ते त्यावरून कळतं. दुसरा तापल्यावरचा. हा टर्बो मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो, त्याच्या फटी केसाएवढ्या. घट्ट ऑइल तिथं पोचेपर्यंत तो कोरडा फिरणार. चार सकाळी असा फिरला की संपला.

चेअरमननी सगळं ऐकून घेतलं आणि डिकीतून एक डबा आणला. त्यांच्याच संस्थेच्या दुकानातलं, वीस-पन्नास नंबरचं, ट्रॅक्टरचं ऑइल. "ह्ये घाल. मधासारखं हाय. घट्ट ते चांगलं, मग दूध असू दे न्हाय तर ऑइल."

दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, हे मला माहीत होतं. ऑइलही फुंकून पितो हे त्या दिवशी कळलं.

दारातल्या खुर्चीवर माझे वडील बसले होते. मीरासाब मिस्त्री. पन्नास वर्षं या माणसानं ऑइल फक्त बोटांवर ओळखलं. अंगठा आणि तर्जनीमध्ये थेंब घोळवायचा आणि सांगायचा, चांगलं की भेसळीचं. त्यांच्या त्या दोन बोटांवर आमचं गॅरेज उभं राहिलं. हे पातळ ऑइल पहिल्यांदा आणलं तेव्हा तेही मला 'पाणी हाय' म्हणाले होते आणि तीन महिने माझ्याशी धड बोलले नव्हते.

"चाचा, तुम्ही सांगा," चेअरमन म्हणाले. "बोटावर घ्या."

अब्बांनी थेंब घेतला. घोळवला. त्यांच्या बोटांना ते ऑइल अजून पटलेलं नव्हतं हे मला ठाऊक होतं.

"चांगलं हाय," अब्बा म्हणाले.

"बाप पोराच्याच बाजूनं बोलणार," म्हणत चेअरमन गाडीकडे गेले आणि ती लांबट डबी घेऊन आले.

लॅक्टोमीटर बघून टपरीवरचे पाच-सहा जण चहाचे ग्लास हातात घेऊनच आत आले. चेअरमननी तो माझ्या ऑइलच्या जगमध्ये सोडला. तो सरळ तळाला गेला. खालून काचेचा टक्क असा आवाज आला.

"बघा की," चेअरमन सगळ्यांना म्हणाले. "पाण्यात सोडला तर झिरोवर उभा ऱ्हातो. हितं त्याच्याबी खाली गेला. पाण्यापेक्षा पातळ माल विकायला लागलास तू. संस्थेच्या टँकरपासनं टेम्पोपर्यंत सगळ्या गाड्या तुझ्याकडं येत्यात. उद्या गावात काय सांगू मी?"

गर्दीतला एक जण मान हलवून "व्हय की" म्हणाला. त्याच्या मोटरसायकलचं ऑइल मीच बदललं होतं. मी अब्बांकडे बघितलं. ते स्वतःच्या त्या दोन बोटांकडे बघत होते आणि ती पायजम्याला पुसत होते. पन्नास वर्षांत त्यांना भेसळवाला कुणी म्हटलं नव्हतं. मला ते सहन झालं नाही.

मी दुसरा जग घेतला. चेअरमनच्याच डब्याचं झाकण फोडून ते घट्ट ऑइल त्यात ओतलं. लॅक्टोमीटर पुसला आणि त्यात सोडला.

तोही बुडाला. जरा सावकाश, चेअरमनला शोभेल अशा चालीनं, पण गेला तळालाच.

आता चेअरमनपुढं मोजके रस्ते होते. लॅक्टोमीटर खरा म्हणावा, तर त्यांच्या संस्थेच्या दुकानातलं ऑइलही भेसळीचं ठरत होतं. सरळ रस्ता एकच होता: कुठलंही ऑइल पाण्यापेक्षा हलकंच असतं, लॅक्टोमीटर दुधासाठी असतो, ऑइलसाठी नाही, माझं चुकलं. एवढंच म्हणायचं. पण अठरा वर्षांच्या चेअरमनला 'माझं चुकलं' हे म्हणायची सवय नसते. ते इकडे तिकडे बघत राहिले. मग म्हणाले,

"मीटरच खराब झालाय ह्यो."

"कधीपासनं, साहेब?"

हे जोतीरामनं विचारलं. आवाज अगदी हळू होता. चेअरमन वळले.

"आईच्या दुधात ह्योच घातलाता न्हवं," जोतीराम म्हणाला.

चेअरमनच्या कपाळावर घाम आला. त्यांनी ऑइलच्या दोन्ही जगांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, चहावाल्या गर्दीकडे बघितलं. मला त्यांची कीव आली. म्हणून मी तोंड उघडलं. सांगणार होतो, की मीटर चांगला आहे हो, फक्त ऑइलमध्ये चालत नाही. तेवढ्यात अब्बांनी माझं मनगट धरलं. त्याच दोन बोटांनी. म्हातारा माणूस, पण पकड पान्याची. मी तोंड मिटलं.

"उद्यापासनं आण म्हणावं आईला," चेअरमन म्हणाले. मग माझ्याकडे न बघता, "आणि तू वत तुझं झिरो."

मी ओतलं. गाडी अशी चालू झाली, की चालू झालीय हे हात लावूनच कळावं. चेअरमन निघताना लॅक्टोमीटर भंगाराच्या ड्रममध्ये टाकून गेले. मी तो काढून पुसला आणि ड्रॉवरमध्ये ठेवला. आमची अब्रू वाचली, एका बाईची वाचली, मी दिवसभर खूश होतो.

आठ दिवसांनी जोतीराम संस्थेचा टेम्पो घेऊन आला. मी मोठ्या अभिमानानं विचारलं, "काय, आई आता पुढच्या रस्त्यानं जाते ना?"

"जाती की." त्यानं आजूबाजूला बघितलं. "तुमाला म्हणून सांगतो. घातलतं तिनं. दोन तांबं. पावणं आलतं, घरातच दूध लागलं, किटली भरना."

"म्हणजे मीटर बरोबर होता?"

"मीटर बरोबरच हुता," तो म्हणाला. "पर आता न्हाय घालत. त्या दिवशी साहेबांनी स्वतः आईला चूक झाली म्हणून सांगितलं. तवापासनं तिला झोप न्हाय."

तो गेल्यावर मी ग्लासात नळाचं पाणी घेऊन लॅक्टोमीटर सोडला. बरोबर झिरोवर उभा राहिला. बिचारा. त्या दिवशी ऑइलच्या बाबतीतही तो खोटं बोलला नव्हता आणि भंगारात मात्र तोच गेला. मला लाज वाटली, ती अजून वाटते.

पण आमचं नाव गारगोटीपर्यंत झालं. चेअरमन आता चारचौघांत सांगतात, की घट्ट ऑइलचा जमाना गेला, माझ्या गाडीत झिरो आहे. मीरासाबच्या पोराला मीच ते घालायला लावलं, असंही सांगतात म्हणे.

परवा त्यांच्याच गावचा एक जण ट्रॅक्टर घेऊन आला. मी वीस-पन्नासचा डबा काढला तर त्यानं माझा हात धरला.

"ह्ये घट्ट नगं. चेअरमनच्या गाडीतलं घाल."

"अहो, ट्रॅक्टर आहे हा. याला हेच लागतं. कंपनीच्या पुस्तकात लिहिलंय."

"चेअरमनला पातळ आणि आमाला घट्ट व्हय? जुना माल खपवतोस, पावणं?" तो मोठ्यानं म्हणाला. टपरीवरचे दोघे-तिघे ग्लास घेऊन उठले.

अब्बांनी दारातल्या खुर्चीवरूनच विचारलं, "मीटर काढू का?"