गाड्या नसलेलं गाव

"बाजारातलं हाटेल नको मना," गोदू म्हणाली आणि जेवणाऱ्यांचे हात ताटातच थांबले.

तिचा मुलगा अल्पेश मोबाइलवर महाबळेश्वरचं हॉटेल दाखवत होता. खाली बाजार, समोर आइस्क्रीमवाला, संध्याकाळी गच्चीवर गाणी. अशा ठिकाणाला गोदूने नको म्हणावं? हळदीत बेंजो वाजला की सगळ्यात आधी पदर खोचणारी बाई ही!

"आये, मग तिथं जाऊन करायचं काय?" अल्पेश ओरडला. "डोंगराकडं बघत बसशील?"

"बसन की. तुजं काय जातं? गाड्या नसतील असं गाव बघ. न्हायतर मी येत न्हाय."

"बघा बाई," सून मृणाली म्हणाली. "या वयात आईंना विपश्यना सुचली."

सगळे हसले. गोदूही हसली, कारण सगळे हसताना दिसले. मृणाली काय बोलली ते तिला कळलंच नव्हतं.

गोदूचे कान गेले होते. दोन वर्षं झाली असतील, आणि घरात कुणाला पत्ता नव्हता. म्हणाल, असं कसं? अहो, घर उरणच्या बंदराच्या रस्त्याला लागून. दिवसरात्र कंटेनरचे ट्रेलर धडधडत जाणार. त्यात ही आगरी माणसं, मिठागराच्या या बांधावरून त्या बांधावर हाका मारत मोठी झालेली. यांनी चहा मागितला तरी परक्याला वाटावं भांडण जुंपलं. अशा घरात बहिरेपण लपायला कितीसा वेळ? गोदू निम्मं ओरडण्यावरून ओळखायची, निम्मं ओठांवरून, आणि उरलंसुरलं "व्हय व्हय" म्हणून निभावून न्यायची.

सांगायची मात्र तिची छाती होत नव्हती. शेजारच्या नीराबाईने कानाला मशीन लावलं, तेव्हा अख्ख्या आळीने तिला 'बहिरी नीरा' करून टाकलं. आणि त्या हसण्यात गोदूच सगळ्यात पुढे होती.

घरात हळू बोलणारी एकटी नात, प्राप्ती. पनवेलला बँकेत लागल्यापासून पोरीचा आवाज मऊ झाला होता. महिन्यापूर्वी प्रज्योत नावाच्या मुलाकडची माणसं तिला बघून गेली. त्या संध्याकाळी गोदू पडवीत सुकट निवडत बसली होती. प्राप्ती शेजारी येऊन बसली आणि मान खाली घालून बराच वेळ काहीतरी बोलत राहिली. गोदूला दिसला तो फक्त तिचा भांग. सवयीने तोंडातून निघून गेलं, "व्हय गो बाय, बरं हाय. चांगलंच हाय."

प्राप्ती उठून गेली. दुसऱ्या दिवशी तिने बापाला होकार दिला, तेव्हा तिचे डोळे सुजलेले होते.

तेव्हापासून गोदूच्या घशाखाली घास उतरत नव्हता. पोरीने काय विचारलं होतं? मी कशाला व्हय म्हणून बसले? पुन्हा विचारावं तर बिंग फुटणार. मग तिने मनाची समजूत घातली होती, की दोष कानांचा नाहीच, मेल्या त्या ट्रेलरांचा. पोरीला शांत जागी न्यायचं, पुन्हा बोलतं करायचं. डोंगरावरून परतल्यावर लगेच साखरपुडा होता. त्याआधी कळायलाच हवं होतं.

आईपुढे अल्पेशचं चालणार थोडंच. महाबळेश्वरच्या खाली, तापोळ्याकडच्या उतारावर, पाहुणे ठेवणाऱ्या एका मावशींच्या घरात मुक्काम ठरला. दिवसा वर जाऊन पॉइंट बघायचे, झोपायला खाली यायचं. जागा खरंच निवांत होती. इतकी, की अल्पेशला करमेना. पहिल्या सकाळी दोनदा जाऊन तो उगाच गाडी चालू करून आला.

दुसऱ्या दुपारी तो आणि मृणाली आत पत्ते खेळत बसले होते. मावशी अंगणात भांडी घासत होत्या. गोदूने प्राप्तीला ओटीवर बोलावलं.

"बस गो. सुकट निवडताना त्या दिशी काय बोललीस, ते परत बोल."

प्राप्ती दचकली. मग दाराकडे एक नजर टाकून तिने आवाज आणखी खाली आणला. तिचे ओठ जेमतेम हलायला लागले. गोदू पुढे वाकली. ना ट्रेलर, ना हॉर्न, ना रस्ता. तरी काही नाही. काहीच नाही.

दोष रस्त्याचा नव्हता, हे तिला तिथे कळलं. जिभेवर तेच जुनं "व्हय गो" येऊन बसलं होतं, ते तिने गिळलं.

"बाय, मना आयकू येत न्हाय," ती म्हणाली. "दोन वरसं झाली. त्या दिशीबी न्हाय आलं. मी आपली उगाच व्हय बोलली."

प्राप्तीचा चेहरा पांढरा पडला. "म्हणजे तू... आजे, मी तर होकार देऊ का म्हणून विचारलं होतं..."

"मोठ्यानं बोल."

कसं बोलणार? घरी ट्रेलरच्या आवाजात कितीही ओरडली असती तरी कुणाच्या कानावर गेलं नसतं. इथे वाटी पडली तर पलीकडच्या घरात ऐकू जात होतं, आणि बाप चार हातांवर बसलेला. प्राप्तीने मोबाइल काढला, पण आजीला कुठे वाचता येत होतं? शेवटी तिने आजीचा हात धरून खालच्या झाडांकडे बोट दाखवलं.

गोदू जागची हलली नाही.

"लपून एकदा बोललीस, काय झालं त्याचं? आता इथंच बोल. मी हाय ना."

प्राप्तीने डोळे पुसले. छातीत दम भरला. आणि बँकेतला सगळा मऊपणा टाकून, मिठागरावरच्या बाया हाक मारायच्या तशी ती ओरडली, "आजे, मना त्या प्रज्योतशी लगीन न्हाय करायचं!"

मावशींच्या हातातलं पातेलं तसंच राहिलं. पत्ते हातात घेऊनच अल्पेश दारात आला, त्याच्यामागे मृणाली.

"काय? काय बोलली ही? आये, हिला..."

गोदूने त्याच्याकडे न बघताच हात वर केला.

"तू थांब. मना एका वेलेला एकाचंच आयकू येतं."

मग तिने प्राप्तीची हनुवटी धरून तिचं तोंड आपल्याकडे वळवलं.

"आयकलं गो," ती म्हणाली. "आता का न्हाय करायचं, ते बोल. असंच, मोठ्यानं."