राजनंदिनीचं कॉलेज

“कॉलेजला गेलीया ती,” राजनंदिनीची सासू फोनवर म्हणाली.

“आज? अहो, आज रविवार आहे!”

पलीकडं बाईनं घसा खाकरला. मग “जादा तास असत्यात,” म्हणून फोन कट.

आमचे मुख्याध्यापक, नाथाजी सर, समोर बसून हसत होते. गेल्या वर्षी बारावी झालेली किती पोरं कॉलेजात गेली आणि किती गळाली, हे सोमवारी वर कळवायचं होतं, म्हणून रविवारी शाळा उघडून बसलो होतो.

“कॉलेजात नाव आहे ना? मग होय लिहा आणि मोकळ्या व्हा, विनोदिनीबाई. दरवर्षी आकडा वाढतोय आपला.”

वाढतोय, डोंबल! माझा स्वभाव तापट आहे, हे अख्ख्या कवठे महांकाळला ठाऊक आहे. मी पर्स उचलली आणि एसटी स्टँड गाठला.

राजनंदिनी म्हणजे फळ्यावर गणित सोडवताना माझी चूक धरणारी पोरगी. कुणी धरलेली चूक मला खपत नाही, पण तिनं धरलेली खपायची. तिला बी.एस्सी. करायचं होतं. निकालाचे पेढे आणि लग्नाची पत्रिका एकाच दिवशी घेऊन आली. माझं तोंड पडलेलं बघून म्हणाली, “मॅडम, शिकवणार हायत सासरची. आईनं लग्नाच्या याद्यांच्या बैठकीत त्यांच्याकडनं भंडारा उचलून घेतलाय.” खंडोबाचा भंडारा हातात घेऊन दिलेला शब्द आमच्याकडं कुणी मोडत नाही. मलाही तेव्हा बरं वाटलं होतं.

सांगलीला गाडी बदलून आष्ट्यापुढचं तिचं सासर गाठेस्तोवर दुपार टळली. राजनंदिनी गोठ्यात शेण भरत होती. मला बघून हात धुतले, पाया पडली. पोटावरनं कळत होतं, दिवस भरत आले होते.

“सुटले का जादा तास?” मी सासूला विचारलं.

बाईच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. “या की आत,” म्हणाली आणि मला थेट देव्हाऱ्यापुढं नेलं. देवांच्या टाकांच्या वर, खिळ्याला, कॉलेजचं ओळखपत्र टांगलेलं होतं. प्लास्टिकची पिशवीसुद्धा काढलेली नव्हती. राजनंदिनीच्या फोटोवर भंडाऱ्याची बोटं ओढली होती.

“बघा. आडमिशन घेतलंय, फी भरलीया. भंडारा उचलल्याला माणूस खोटं वागत न्हाई आमच्यात.”

“पण ती जाते कुठं कॉलेजला?”

“जायाचं कुठं ठरलं हुतं? तिची आय म्हणली, फी भरा आनी आडमिशन घ्या. घेतलं. इचारा तिला.”

खरं होतं ते. राहीबाई, तिची आई, फीपायीच शाळेतून निघालेली. फी एकदा भरली की पोरगी आपोआप कॉलेजात जाते, असंच तिला वाटणार. पुढचं कशाला बोलून घेईल बिचारी?

“हजेरी नसली तर परीक्षेला बसू देत नाहीत!”

“नगं बसू दे. आमाला काय मास्तरीण करायची हाय व्हय?”

“देवालासुद्धा फसवता तुम्ही!” मी ओरडलेच. शेजारची बाई डोकावून गेली.

“च्या घ्या मॅडम, निवंल,” सासू म्हणाली.

“भांडू नगा मॅडम,” राजनंदिनी हळूच म्हणाली. “तुमी जाशिला. मागं मी हाय.”

मी चहा संपवला आणि उठले. ती फाट्यापर्यंत सोडायला आली. एसटी दिसली तशी घाईनं म्हणाली, “मॅडम, माझं कॉलेज तुमच्या वाटंवरच हाय. उजव्या हाताला दिसतं म्हणं. फारम ह्यांनीच नेलता, मी सह्या घरातच केल्या. कसं हाय ते बघून सांगशिला?”

मी उजवीकडची खिडकी धरली. गाडीत असतानाच सरांचा फोन आला. “काय लिहू राजनंदिनीचं?”

“होय लिहा,” मी म्हणाले. खोटं तरी काय होतं त्यात?

कॉलेज आलं आणि गेलं. आष्ट्याच्या स्टँडवर उतरून मी फोन लावला. सासूनंच उचलला.

“ती धारंला बसलीया. काय निरोप हाय?”

“तिला सांगा, फाटक निळं आहे. इमारत दोन मजली आहे. पटांगणात मोठा कडुनिंब आहे, त्याला पार बांधलाय.”

“कशाचं फाटक?”

“तिला कळेल.”

“बरं. आनी काय?”

“आणि म्हणावं, रविवार होता, सगळं बंद होतं. गणिताचा वर्ग कुठल्या बाजूला आहे, ते काही दिसलं नाही.”