परशरामचं इंजन

परशराम उभ्या उभ्याच भाकरी खात होता, आणि गुणाबाईच्या डोक्यात तेच जात होतं.

"खाली बसा की वो," ती दुसऱ्यांदा म्हणाली. "गाडी न्हाय, मार्केट न्हाय. कुठं पळायचंय तुमास्नी?"

परशराम बसला. दोन घास खाल्ले आणि पुन्हा उठला. पहाटेचे साडेपाच झाले होते. बाहेर धुकं असं पडलेलं की गोठ्यातली म्हैस दिसत नव्हती, नुसती तिची रवंथ ऐकू यायची. आणि त्या धुक्यातनं तिकटीवरनं, म्हणजे तीन रस्ते मिळतात तिथनं, सौरवच्या गाडीचा हॉर्न आला. बारा वर्षं त्या तिकटीवर या वेळेला एकच हॉर्न वाजायचा, परशरामच्या पिकअपचा. आता आठवडा झाला, तिथं गावातल्याच तरण्या सौरवचा नवाकोरा छोटा हत्ती टेम्पो गाणी लावून उभा राहत होता, आणि परशराम घरात भाकरी हातात घेऊन येरझाऱ्या घालत होता.

आंबेकोप म्हणजे खानापूरच्या पलीकडं रानाच्या कडेला असलेलं गाव. सुगी झाली, भातं घरात आली की बाया त्याच तांबड्या मातीत मेथी, कोथिंबीर, लालभाजी करतात. माळाच्या अंगाला रताळी. हे सगळं माळवं पस्तीस किलोमीटर लांब बेळगावच्या मार्केटात न्यायचं, तेही सौदा सुरू व्हायच्या आत. कर्नाटकात बसला बायकांना तिकीट नाही हे खरं, पण बायकांना नाही म्हणून काय टोपल्यांना चढवून घेतात? म्हणून परशरामची पिकअप. आणि परशराम कसा, तर सगळ्यात आधी पोचणारा. खानापूर भागातली कुठलीही गाडी आपल्या पुढं दिसली की त्याच्या पोटात दुखायचं. आंबेकोपची मेथी सौद्यात पहिली उतरते हे सांगताना त्याची छाती फुगायची. बायाही कौतुक करायच्या, कारण पहिल्या मालाला भाव चांगला लागतो.

ती गाडी गेल्या आठवड्यात झाडशहापूरजवळ रस्त्यातच मेली. बाया टोपल्या घेऊन रस्त्याच्या कडेला उभ्या, मेथी उन्हानं माना टाकतेय, आणि बॉनेटमधनं वाफ येतेय, असा देखावा सगळ्या जाणाऱ्या-येणाऱ्यांनी बघितला. परशरामनं गावाला सांगितलं, पाण्याचा पाइप फुटला, मी लगेच गाडी बंद केली, पण नशीबच फुटकं. गाव म्हणालं, व्हय बाबा, जुनी गाडी, असं व्हायचंच.

खरं काय झालं ते दोघांनाच माहीत होतं. एक तो आणि दुसरी जयाबाई. जयाबाईचे गुडघे गेलेले, म्हणून ती पुढं केबिनमध्ये बसायची. बाकीच्या बाया मागं मालात, दंवाचं म्हणून डोक्यावरनं ताडपत्री ओढून. गणेबैलजवळ उष्णतेचा काटा लाल पट्ट्यात गेला. पहिल्यांदा तिनंच बघितला. म्हणाली, परशा, काटा वर गेलाय, थांबव. परशराम म्हणाला, गप बस आक्का, पुढं निट्टूरवाल्यांची गाडी हाय, ती आधी पोचंल. आणि त्यानं पाय अजून खाली दाबला. नऊ-दहा किलोमीटर तशीच हाणली. गाडी मेल्यावर जयाबाई खाली उतरली, आपली टोपली उतरवून घेतली, आणि या विषयावर एक अक्षर बोलली नाही. ना त्याला, ना गावात कुणाला. परशरामला सगळ्यात जास्त तेच टोचत होतं. तिनं चारचौघांत शिव्या घातल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं.

आता गुणाबाई काही खुळी नव्हती. तिनं एकदाच विचारलं होतं, "फुटल्याला पाइप कुठाय?" परशराम म्हणाला टाकून दिला. ती म्हणाली बरं, आणि चुलीकडं वळली. तेवीस वर्षांच्या संसारात तिनं त्याचं 'टाकून दिलं' बरेचदा ऐकलेलं होतं.

गाडी खानापुरात मष्णूच्या गॅरेजला होती. मष्णू परशरामच्या शाळेतला. कमी बोलणारा, हात कायम काळे, आणि इंजनापुढं बसला की त्याला जेवणाचं भान नाही. त्यानं वरचं झाकण, म्हणजे हेड, काढून बघितलं. हेड वाकलं होतं, पाणी तेलात उतरलं होतं. तेवढं बघून त्यानं परशरामला समोर बसवलं आणि डॉक्टर विचारतो तसं विचारलं.

"काटा चढल्यावर किती चालवलास?"

मग समजावून पण सांगितलं. लगेच बंद केली असशील तर हेड बेळगावला पाठवून सरळ करून आणू, वर बसवू, चार-पाच दिवसांत गाडी तुझ्या दारात. पण तापलेली तशीच दामटली असशील तर खालची बाजू उघडावी लागेल. क्रँक, बेअरिंगा, पिस्टन, सगळं. म्हणजे आख्खं इंजन नव्यानं बांधायचं, आणि तीन आठवडे तरी गाडी इथनं हलणार नाही.

तीन आठवडे. परशरामच्या डोळ्यांपुढं सौरवची गाडी आली. तीन आठवड्यांत बायांना नव्या गाडीची सवय होणार, गाण्यांची सवय होणार. मग त्याला कोण विचारतंय?

"लगीच बंद केली," तो म्हणाला.

मष्णूनं मान हलवली आणि हेड गोणपाटात गुंडाळून बेळगावला पाठवून दिलं.

पण त्या दिवसापासून परशरामचा जीव थाऱ्यावर नव्हता. रोज सकाळची बस धरून खानापूरला जायचा, गॅरेजच्या दारात उभा राहायचा, दर पाच मिनिटाला आत डोकावायचा. शेवटी मष्णूनं त्याला हाकललं, म्हणाला तू हितं उभा ऱ्हायलास की माज्या हातातला पाना बी घाई करतोय. घरी यावं तर घर खायला उठायचं. मुलगा ओमकार बेळगावात कंपनीत कामाला, त्यानं फोनवर निराळंच सुचवलं: आता खर्च नको, हेड बसवा, सुरू झाली की निपाणीचा तो जुन्या गाड्या घेणारा आहे त्याला देऊन टाका. चालू गाडी बघितली की तो घेईल. तुम्ही आता घरी बसा बाबा, खूप झालं.

घरी बसा म्हटल्यावर परशरामच्या अंगावर काटाच आला. पण निपाणीवाल्याचं मात्र त्याच्या डोक्यात घोळत राहिलं. खाली काय आहे ते कोण बघणार? हेड चकचकीत, इंजन सुरू, विषय संपला. मग दुसरी जुनी गाडी बघता येईल. असं म्हणून तो क्षणभर निवांत व्हायचा, आणि लगेच त्याला जयाबाईची गप्प पाठ आठवायची.

हेड पाठवल्याच्या चौथ्या दिवशी ते बेळगावहून आल्याचा निरोप मिळाला. मष्णू दुपारपर्यंत बसवणार होता. परशरामनं खरं तर आनंदानं बसस्टॉपवर जायला पाहिजे होतं. तो गेला जयाबाईच्या माळावर.

जयाबाई रताळी काढत होती. गुडघे वाकत नाहीत म्हणून पाय पसरून बसलेली, खुरप्यानं वाफा उकरायची, रताळं ओढायची, माती झटकायची. उन्हानं धुकं उठलं होतं, ओली तांबडी माती तिच्या लुगड्याला सगळीकडं लागलेली. परशराम येऊन उभा राहिला. इकडचं तिकडचं बोलला, रताळी मोठी पडलीत म्हणाला, यंदा दंव बरं आहे म्हणाला. ती हूं हूं करत राहिली. मग त्याला राहवेना.

"आक्का, तू त्या दिवसाचं कुणाला सांगितलीस काय?"

"न्हाय."

"का न्हाय?"

"त्ये मी का सांगू? त्ये तुजं सांगायचं हाय." तिनं एक रताळं ढिगावर टाकलं. "गाडी आज व्हतीया म्हणं?"

"व्हय. उद्या तिकटीवर येतो."

"ये की. मी बसणार न्हाय."

परशराम खाली बसला. उकिडवा का होईना, पण बसला.

"तुज्यावर रागावून न्हाय," जयाबाई म्हणाली. "रागावून कुठं जाऊ, बारा वर्सं तूच नेलास. पर गावाला सांगितलास तसंच मष्णूलाबी खोटं सांगितलास असशील. त्येला खरं ठावं न्हाय तर त्यो नीट कसं करणार? मागं सात-आठ बाया असत्यात, परशा. त्येंच्या घरात पोरं हायती. भर रस्त्यात खालनं कायतरी मोडलं म्हंजे?"

तो उठला आणि चालू लागला, आणि चालता चालता पळायलाच लागला. बस जाऊन अर्धा तास झाला होता. फाट्यावर एका दूधवाल्याच्या मोटारसायकलला हात केला आणि कॅन मांडीवर घेऊन मागं बसला. सबंध रस्ता तो त्या दूधवाल्याला जरा वाढीव म्हणत होता, आणि दूधवाला म्हणत होता की दूध सांडलं तर तुम्ही भरून देणार काय.

मष्णूनं हेड बसवून निम्मे बोल्ट आवळले होते. परशराम दारातच थांबला. दम लागलेला. आत यायचं धाडस होईना, म्हणून तिथनंच बोलला.

"गणेबैलपासनं."

मष्णूनं वर बघितलं.

"काटा गणेबैललाच चढलता. झाडशहापूरपतोर चालवलो. जयाआक्का थांब म्हणालती. पाइप-बीप काय फुटला न्हाय."

मष्णूनं पाना खाली ठेवला. आवळलेले बोल्ट एक एक करून पुन्हा सोडले, मग गाडीखाली सरकला आणि इंजनाखालची तेलाची टाकी उघडली. बराच वेळ नुसते त्याचे पाय दिसत होते. बाहेर आला तेव्हा त्याच्या तळहातावर दोन बेअरिंगा होत्या. वरचा मुलामा खरवडून गेलेला, खालचं तांबं उघडं पडलेलं. परशरामला गाडीतलं फारसं कळत नव्हतं, पण हे त्यालाही कळलं.

"आठवडा चालली असती," मष्णू म्हणाला. "लई तर धा दिस. मग भरल्या गाडीत क्रँक जाम झाला असता."

परशराम दारातल्या टायरवर बसला. त्याला बाया दिसत होत्या, ताडपत्रीखाली बसलेल्या.

आता खरा प्रश्न पुढं आला. आख्खं इंजन बांधायचं की गाडी भंगारात घालायची? उघडलेलं इंजन निपाणीवाला काही घेणार नव्हता. मष्णूच्या मते गाडीचा सांगाडा चांगला होता, बांधलं तर अजून सात-आठ वर्षं हूं म्हणणार नाही. पण त्यानं एक अट घातली.

"बांधून झाल्यावर पयलं दोन हजार किलोमीटर गाडी रनिंगवर. चाळीसच्या वर न्यायची न्हाय. माल निम्मा. नव्या पिस्टन-रिंगा एकमेकांस्नी वळखाय वेळ लागतोय. ह्ये तुला जमणार हाय काय? जमत नसंल तर आत्ताच सांग. माजी म्हेनत मातीत घालू नको."

दोन हजार किलोमीटर म्हणजे महिनाभर. महिनाभर सगळ्यांच्या मागनं, सौदा निम्मा उरकल्यावर मार्केटात पोचायचं. परशराम उठून रस्त्यावर गेला. खानापूरच्या बसस्टॅंडपर्यंत गेला, परत आला, पुन्हा गेला. लोक म्हणाले असतील याचं काय हरवलंय. स्वतःला तो चांगला ओळखत होता. चाळीसनं गाडी चालवणं त्याच्या अंगातच नव्हतं. भाकरी बसून खाणं होत नाही तिथं हे कुठलं? पण तिसऱ्या खेपेला परत आला तेव्हा त्याचा आवाज खाली आला होता.

"बांध," तो म्हणाला. "जमवतो."

इंजन बांधायला चोवीस दिवस लागले. पंचविसाव्या दिवशी पहाटे परशराम गाडी घेऊन तिकटीवर आला. सौरवची गाडी आधीच उभी, बाया टोपल्या चढवत होत्या. परशराम खाली उतरला. हॉर्न वाजवला नाही. त्याच्या मनात होतं, हळूच एकेकीला बाजूला घेऊन सांगावं. पण मग सगळ्याच बघायला लागल्या, आणि त्यानं सगळ्यांदेखतच सांगून टाकलं. की चूक माझी होती, जयाआक्कानं थांबवायला सांगितलं होतं, मी ऐकलं नाही, तुमच्या सगळ्यांच्या जिवाशी खेळलो. आणि आता महिनाभर गाडी चाळीसनं जाणार, माल निम्माच घेणार, सौद्याला उशीर होणार. ज्यांना चालत असेल त्यांनी बसा.

मालुबाई हसू दाबत म्हणाली, चाळीसनं? परशा, तू? आणि बाकीच्या पण हसल्या, वाईट हसल्या नाहीत, पण मेथी कुणाची थांबत नसते. एक एक करून सगळ्या सौरवच्या गाडीत चढल्या. परशरामनं कुणाला हाक मारली नाही. तो आपल्या गाडीचं मागचं फाळकं लावायला गेला.

"लावू नको," जयाबाई म्हणाली.

तिची मेथीची टोपली सौरवच्या गाडीत गेली होती, मालुबाईच्या ताब्यात. पण रताळ्याची दोन पोती तिनं रस्त्यावरच ठेवली होती. रताळं काय, अर्धा तास उशिरा गेलं तर सुकत नाही. परशरामनं पोती चढवली. ती केबिनच्या दाराला धरून एक एक पाय वर घेत चढली आणि आपल्या जागी बसली. सौरवची गाडी भुर्रकन निघून गेली.

गाडी चाळीसनं चालली होती. खानापूर गेलं, प्रभूनगर गेलं. मागनं निट्टूरवाल्यांची गाडी आली आणि हॉर्न मारत पुढं गेली. मग उसाचा ट्रॅक्टर पुढं गेला. ट्रॅक्टरवाल्यानं वळून बघितलं पण. परशरामचा उजवा पाय सारखा खाली दाबायला बघत होता. त्यानं दात आवळले आणि काहीतरी बोलावं म्हणून शेजारी बघितलं.

जयाबाई झोपली होती. मान खिडकीला टेकलेली, तोंड जरा उघडं, हात मांडीवर मोकळे पडलेले. बारा वर्षं ती त्याच्या शेजारी बसत होती, पण ती कधी झोपलेली त्यानं बघितली नव्हती. पुढच्या दांडीला दोन्ही हातांनी धरून बसायची. त्याला वाटायचं, म्हातारीची सवय असेल.

पुढं रस्त्यावर म्हशींचा कळप आडवा आला. आठ-दहा म्हशी, सावकाश, आपल्याच तंद्रीत. परशरामचा हात हॉर्नकडं गेला. मग त्यानं हात मागं घेतला, गाडी उभी केली, आणि शेवटची म्हैस पलीकडं जाईपर्यंत तसाच बसून राहिला.