सुरी धरणाऱ्याचा वाटा

त्या वर्षीच्या हिवाळ्यातील दुसऱ्या सोमवारी, सकाळी अकरा वाजता, नगरपालिकेच्या पहिल्या मजल्यावरील सभागृहात, गावाच्या नव्या रुग्णालयास दिवंगत माजी आरोग्यमंत्र्यांचे नाव द्यावे की देऊ नये, या एकाच विषयावर जाहीर बैठक भरली. नगरपालिकेचा नियम असा होता की, ज्याचे नाव इमारतीला द्यायचे त्याच्या थोरल्या अपत्याने भरसभेत तोंडी होकार दिल्यावाचून ठराव मताला टाकता येत नसे. मंत्र्यांना गाव साहेब म्हणे; थोरले अपत्य म्हणजे साहेबांची लेक. तिचे बाजारपेठेत चष्म्याचे दुकान होते, आणि सकाळची दोन गिऱ्हाइके आटोपून, दुकानाला कुलूप घालून ती तशीच आली होती.

जिन्यावर धाकटा भाऊ वाट पाहत उभा होता. तो परगावी राही आणि अशा प्रसंगांना कोट घालून येई.

"ताई, तू फक्त हो म्हण. बाकीचं मी बघतो."

"बाकीचं काय असतं?"

"भाषण, आभार, फोटो." त्याने आवाज खाली आणला. "बाबांना निरोप देताना तू रडली नाहीस, त्याची चर्चा लोक अजून करतायत. आज निदान मान तरी हलव."

तिने त्याच्या कोटावरचा धागा काढून टाकला आणि पायऱ्या चढू लागली. त्याचे बोलणे खोटे नव्हते. वडील गेल्यापासून तिला कशाचेच काही वाटेनासे झाले होते. चहा गरम आहे हे जिभेला कळे. तिच्यापर्यंत ते पोचत नसे. लोक सांत्वनाला येत, ती त्यांच्या चष्म्याच्या काड्या सैल झाल्या आहेत का ते पाही.

सभागृह भरले होते. खुर्च्या कमी पडल्याने काही मंडळी खिडक्यांना टेकून उभी होती. नगराध्यक्षा मूळच्या वकील; प्रत्येक वाक्य त्या एकदा मनात आणि एकदा तोंडाने म्हणत. त्यांनी प्रथम कप्तानांना बोलावले.

कप्तान हे साहेबांचे युद्धातले सोबती. दोघे एकाच दिवशी शत्रूच्या हाती सापडले आणि कैद संपेपर्यंत एकाच खोपटात राहिले. काठी खुर्चीला अडकवून ते उभे राहिले.

"छावणीत एका पावाला सहा तोंडं होती," ते म्हणाले. "नियम एकच. सुरी ज्याच्या हाती, त्याने आपला तुकडा सगळ्यांच्या शेवटी उचलायचा. अखेरपर्यंत सुरी माझ्या या मित्राच्याच हाती राहिली. दुसऱ्या कुणाला दिली असती तर ती पावापेक्षा माणसांवरच जास्त चालली असती."

लोक हसले. कप्तान हसले नाहीत.

"मंत्री झाल्यावरही त्याने तेच केलं. कुठल्या गावात रुग्णालय आधी, कुठे नंतर, हे ठरवणं त्याच्या हाती आलं आणि आपलं गाव त्याने शेवटी ठेवलं. असा दुसरा मंत्री दाखवा मला."

"दुसरा कशाला?" मागून मास्तरांचा आवाज आला. "एकात पुरेवाट झाली."

मास्तरांनी जन्मभर शाळेत भूमिती शिकवली होती आणि जन्मभर साहेबांविरुद्ध निवडणुका लढवून ते न चुकता हरले होते. साहेबांना 'शेवटवाले' हे नाव त्यांनीच ठेवले होते, आणि निवडणुकांत हरले तरी त्या नावाच्या बाबतीत ते गावभर निवडून आले होते. त्यांची पाळी येताच ते पुढे आले.

"गेलेल्या माणसाबद्दल वाकडं बोलू नये म्हणतात. मी सरळच बोलतो. तो पैसे खाणारा नव्हता. त्याने नातेवाइकांना चिकटवलं नाही. हरल्यावर माझ्या घरी येऊन हात मिळवणारा विरोधक मला तो एकच भेटला."

"पण हरायचे तर तुम्हीच, मास्तर," खिडकीपाशी कुणी म्हणाले.

"म्हणून तर यावं लागायचं त्याला." हशा ओसरू देऊन मास्तरांनी स्वर बदलला. "माझा मुद्दा लहान आहे. छावणीत तो स्वतःचा तुकडा शेवटी घेत होता. इथे त्याने आमचा तुकडा शेवटी ठेवला. स्वतःची भूक माणसाने खुशाल मारावी. शेजाऱ्याची मारायची तर शेजाऱ्याला विचारावं लागतं. आम्हाला कोणी विचारलं? नाव द्यायचंच असेल तर रुग्णालयाच्या बाहेरच्या बाकांना द्या. वाट बघत बसण्याची सवय आम्हाला त्यानेच लावली. त्या वर्षांत या गावात ज्याला ज्याला धाप लागली, कळ आली, तो प्रत्येक जण शेजारच्या शहराच्या रस्त्यावर…"

मास्तरांची नजर पहिल्या रांगेतल्या लेकीकडे गेली आणि ते थांबले. पाण्याचा पेला उचलून, न पिता, त्यांनी तो परत ठेवला.

ते का थांबले हे सभागृहातल्या प्रत्येकाला ठाऊक होते. साहेबांची बायको त्याच रस्त्यावर गेली होती. गाडी लेक चालवत होती. मागच्या आसनावर वडील आईचे डोके मांडीवर घेऊन बसले होते, आणि आरशात लेकीला दोघांचे चेहरे दिसत होते. शहराची वेस दिसू लागली तेव्हा त्यांतला एक चेहरा बदलून गेला. पुढे काही दिवसांनी, स्वयंपाकघरात, तिने वडिलांना म्हटले होते, "बाबा, आता तरी आपलं गाव यादीत वर घ्या." ते संत्रे सोलत होते. "आपल्या घरातलं माणूस गेलं म्हणून रांग मोडू?" ते म्हणाले होते, आणि फोडी करून पहिली तिला, दुसरी भावाला देऊन शेवटची स्वतः घेतली होती. घरात फळ असो की केक, ते नेहमी असेच चाले. तिने ती फोड खाल्ली होती. आपला बाप मोठा माणूस आहे, असे तिला त्या क्षणी मनापासून वाटले होते, आणि पुढची सगळी वर्षे ती त्या वाटण्याच्या आधारावर उभी होती. बाबांचा नियम खरा असेल, तर आई कशासाठी तरी गेली होती. नियम खरा नसेल, तर आई नुसतीच गेली होती.

दुकानात ती गिऱ्हाइकाच्या डोळ्यांपुढे एकामागून एक भिंगे धरी आणि विचारी, "आता बरं दिसतंय की मघाशी?" दोन्ही सारखंच, असे गिऱ्हाईक म्हणाले की ती हात थांबवी. कप्तान आणि मास्तर, दोघांचे ऐकून तिला तसेच झाले होते: दोन्ही सारखेच. फक्त कप्तानांच्या बोलण्यात एक जागा धूसर राहिली होती. ती बसल्या जागेवरून म्हणाली,

"काका, एक विचारू? तो शेवटचा तुकडा लहान असायचा का?"

कप्तानांना प्रश्नाचे नवल वाटले. "छे गं. लहान कसा असेल? मग नियमाला अर्थ काय राहिला? आम्ही काय साधू होतो का, पोरी? एकमेकांवर काडीचा भरवसा नव्हता आमचा. कापणाराच शेवटी उचलणार म्हटलं की त्याचा हात आपोआप नीट चालतो. एखादा तुकडा बारीक झाला तर तो त्याच्याच वाट्याला राहणार ना. सगळ्यांना सारखं मिळावं, म्हणून ती युक्ती. तुझे बाबा तर दोरा धरून मापायचे. वेडा म्हणायचो आम्ही त्याला."

"म्हणजे बाबांना शेवटी घेऊनही तेवढंच मिळायचं."

"तेवढंच. कणभर इकडे नाही की तिकडे नाही."

"आणि सगळ्यांना एकाच वेळी."

"एकाच वेळी, अर्थात. पाव समोर कापलेला असायचा, हात पुढे केला की…"

कप्तानांनी खुर्चीला अडकवलेली काठी सोडवून हातात घेतली, जणू निघायचे आहे, आणि मग तिच्यावर दोन्ही हात ठेवून ते खाली बसले.

"रुग्णालयं पावासारखी एकदम कापलेली नव्हती; शेवटच्याला वर्षं थांबावं लागलं," ते म्हणाले. हे बोलणे सभेला उद्देशून नव्हते. "त्याला मी कधी हे म्हटलं नाही. मलाही सुचलं नाही कधी. शेवटी घेणं म्हणजेच चांगुलपणा, असं आम्हा दोघांनाही पुढे पुढे वाटायला लागलं होतं."

मास्तरांनी पाण्याचा पेला उचलून कप्तानांपुढे नेऊन ठेवला.

भाऊ तिच्या कानाशी वाकला. "ताई, पुरे आता. सगळी सभा आपल्याकडे बघतेय. हो म्हणून टाक, माझी गाडी आहे दुपारची."

नगराध्यक्षांनी घसा साफ केला. "नियमाप्रमाणे मी विचारते. दिवंगत मंत्रिमहोदयांचं नाव रुग्णालयाला देण्यास त्यांच्या घरची संमती आहे काय? उत्तर आपण स्पष्ट शब्दांत द्यावं."

ती उभी राहिली. आत काही तुटेल, निदान हलेल, असे तिला वाटले होते. तसे काही झाले नाही. खिडकीतून रुग्णालयाची नवी भिंत दिसत होती, आणि प्रवेशद्वारावर नावासाठी राखलेली पट्टी अजून कोरी होती. शेवटच्या तुकड्यासाठी थांबलेला बाबांचा हात तिला आठवला. तो प्रामाणिकपणे थांबलेला असे, यात तिला आताही शंका नव्हती. भावाने तिची बाही हलकेच ओढली. तिने ती सोडवून घेतली नाही.

"बाबा सच्चे होते आणि चुकले," ती म्हणाली. "संमती नाही."