डोळ्याचा फारम

सुरेंद्र गुरुजींनी चिमूरजवळच्या आपल्या गावात घरोघर फिरून नेत्रदानाचे फारम भरून घेतले होते. सगळ्या गावाचे झाले की एकदमच पाठवायचे, म्हणून फाइल घरीच होती. कोणी म्हणे, पुढच्या जन्मी आंधळं व्हावं लागते. कोणी म्हणे, मढ्याले लोखंड लावू नये. ‘जाळल्यावर डोळे कुठी जातात?’ असं गुरुजींनी विचारलं की भलेभले फारम भरून देत. तलावावर मासे धरणारा श्रावण तेवढा अडून बसला होता. गुरुजींनी त्याच्यापुढे स्वतःच्या बायकोचाच फारम धरला. “हे पाय, कुंतानं आंगठा देल्ला. तुले काय धाड भरली?” श्रावणनं मुकाट्यानं आंगठा उठवला.

ती कुंताबाई आज सकाळी गेली. तापाचं निमित्त झालं. मुलगी रिना आरमोरीला नर्स, आईच्या तापापायी दोन दिवसांपासून घरीच होती. आईचा शब्द राहावा म्हणून तिनं रडतरडतच नेत्रपेढीला फोन लावला, आणि दुपारच्या आत डोळे काढून नेणारी माणसं अंगणात उभी राहिली. घरच्यांची सही लागते, म्हणून कागद गुरुजींपुढे आला. त्यांनी पेन खाली ठेवलं.

गुरुजींची बायको असून कुंता अंगठाबहाद्दर. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. तांदळातले खडे तिला दिसेनासे झाले होते. “डोळ्याचा फारम हाये, आंगठा दे,” एवढंच गुरुजी तिला बोलले होते. शाळेत मोतीबिंदूचं शिबिर झालं तेव्हाही असाच फारम होता. त्यामुळे आंगठा दिल्यावर महिन्यानं तिनं विचारलं, “चष्मा काऊन नाई आला जी?” “येईल,” असं म्हणून त्यांनी वेळ मारून नेली. तिची बहीण विहिरीत पडून गेली तेव्हा मढं दवाखान्यातून शिवून आलं होतं. तेव्हापासून ‘मले कोणी चिरू नका’ हे तिचं पालुपद होतं. खरं सांगितलं असतं तर ती नाही म्हणाली असती, आणि ज्याच्या घरातच नकार, त्याचं गाव कशाला ऐकेल?

“नाई,” गुरुजी म्हणाले.

रिना चमकली. “बाबा, आईनं आंगठा देल्ला ना?”

“तिले चष्म्याचा वाटला. मले मालूम होतं. मी सांगतलं नाई.”

शरमेनं त्यांची मान वर होईना. आलेली माणसं हात जोडून माघारी गेली. रिना बापाकडे पाठ करून आईच्या उशाशी जाऊन बसली.

मग अंगणातल्या गर्दीतून श्रावण पुढे आला. त्याचा आवाज चढलेला नव्हता. “गुरुजी, तिचा आंगठा पाहून मी माहा देल्ला. त्याचं काय?”

गुरुजी आत गेले आणि फाइलीतून त्याचा फारम काढून आणला. “हा घे. तुहाच हाये.”

श्रावणनं कागद उलटसुलट करून पाहिला. त्याला वाचता येत नव्हतं. क्षणभर तो गुरुजींच्या तोंडाकडे बघत राहिला, आणि मग कागद घेऊन रिनाकडे गेला.

“बाई, पाय बरं,” तो हळूच म्हणाला, “हा माहाच हाये का?”